यादी संपली, पण यंत्र सोडेना

"अरे, संपलं म्हणतोस ना? मग सोड की मला!" ग्लेनिस पडद्यावर खेकसली. यंत्राने नुसतं 'टिंग' केलं.

ब्रिडपोर्टच्या धक्क्यावर बेटाच्या बोटीतला माल तपासायचं काम ग्लेनिसचं होतं, तेही लेक शाळेत जायची तेव्हापासून. कंपनीचा नियमच तसा होता. गॅसच्या टाक्या, डिझेल, मेंढ्यांची औषधं, सगळी यादी पडद्यावर शेवटपर्यंत वाचायची. वाचून यादीतून बाहेर पडलं की मगच बोट सोडायचा परवाना छापून निघायचा आणि त्या कागदाशिवाय कप्तान रॉस दोर सोडत नसे. जुन्या युनिक्स संगणकावर यादी पानापानाने दाखवणारी 'पीजी' नावाची कमांड होती. एंटर मारलं की पुढचं पान, शेवटाला एंटर मारलं की बाहेर. ग्लेनिसची बोटं हे झोपेतही करत असतील.

काल कंपनीचा संगणकवाला डार्सी लिनक्सचं नवं यंत्र बसवून गेला. त्यात 'पीजी' नव्हतीच. "'मोअर' आहे, पण तिला आपल्या यादीत मागे जाता येत नाही. त्यापेक्षा 'लेस' टाकतो, तिला सगळं येतं," तो म्हणाला होता.

सगळं येतं म्हणे! मेलीला एका एंटरला एकच ओळ सरकवता येत होती आणि शेवटाला टिंग करता येत होतं.

आणि हे सगळं नेमकं आजच. दुपारी चारला पलीकडे बेटावर टॅमसिनचं लग्न होतं, ग्लेनिसच्या एकुलत्या एका लेकीचं. बेटावर जाणाऱ्या विमानातली आपली जागा ग्लेनिसने ऐटीत नवरदेवाच्या आजीला देऊन टाकली होती. "मला काय, माझी तर घरचीच बोट आहे!" लग्नाचा केकही हिच्याच टेबलाखाली खोक्यात होता.

"ग्लेनिस, पाणी उतरायला लागलंय गं!" रॉस दारातून ओरडला. "झालं का?"

"यंत्र अडकलंय!"

"मग ठेवून दे त्याला एक!"

तिने प्लगच उपटला. यंत्र रमतगमत पुन्हा सुरू झालं, यादी पहिल्यापासून आली, आणि शेवटाला परत टिंग. तिने परत प्लग उपटला.

"अगं, त्या डार्सीला फोन लाव ना!"

"त्याला? इतकी वर्षं यादी वाचतेय मी, आता तो मला वाचायला शिकवणार?"

तिसऱ्यांदा टिंग झालं तेव्हा मात्र तिने मुकाट्याने फोन लावला.

"अहो ग्लेनिस, क्यू अक्षराचं बटण दाबा," डार्सी म्हणाला. "अडकलंय कुठे? 'लेस' शेवटाला आपणहून बाहेर पडत नाही. तुम्ही सांगायची वाट बघत बसते."

तिने क्यू दाबलं. परवाना लगेच छापून आला. तो घेऊन ती धक्क्यावर धावली, तर रॉस कमरेवर हात ठेवून खाली बघत होता. बोट चिखलात बसली होती.

"आता रात्रीची भरती आल्याशिवाय काही नाही," तो हळू आवाजात म्हणाला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

चार वाजता ती धक्क्यावरच केकचं खोकं मांडीवर घेऊन, फोन कानाला लावून बसली.

"आई, रडायचं नाही हं. ऐकू येतंय ना?"

"येतंय गं बाई. तू बोल."

वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला, मग टॅमसिनचं "हो", मग टाळ्या. "केक तू आल्यावरच कापायचा, मी सगळ्यांना बजावलंय!" ती ओरडली आणि फोन कुणीतरी ओढून घेतला.

तो बंद होतो न होतो तोच डार्सीचा आला. "'लेस'ला इथूनच एक छोटी खूण जोडलीय. आता शेवटाला एंटर मारलं की बाहेर, अगदी पूर्वीसारखं. बघता का जरा?"

ग्लेनिस नाक पुसत आत गेली. यादी उघडली, ओळन् ओळ वाचली, शेवटाला एंटर मारलं. 'लेस' निमूट बाहेर पडली आणि त्याच बोटीचा आणखी एक परवाना छापून आला.

"चाललं का?" डार्सीने विचारलं.

"चाललं रे बाबा," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. "आता अगदी छान चाललं."