अपील करणाऱ्या पंचाची टोपी

मी एक जुनी पांढरी टोपी आहे, क्रिकेटच्या पंचाची. मित्रांनो, मला एका शिंप्याने बायकोसाठी शिवले. तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून त्याने माझी कड जरा जास्तच रुंद ठेवली.

ती बायको, म्हणजे माझ्या बाई, आधी गोलंदाज होत्या. गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्यांनी पंच व्हायचे ठरवले. त्यासाठी नियमांचा लेखी पेपर असतो, डोळे तपासतात, तोंडी प्रश्न विचारतात. तिथवर सारे नीट पार पडले. मग खऱ्या सामन्यात उभे राहून दाखवायचे होते. चेंडू फलंदाजाच्या पॅडवर आदळला आणि गोलंदाजाच्या आधी बाईच ओरडल्या, "हाऊज दॅट?"

सारे मैदान हसले. परीक्षक मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, अपील करायला अकरा जण आहेत. तुम्ही फक्त निर्णय द्या."

बाई नापास झाल्या. आता एकच संधी उरली होती. त्यानंतर वयाची अट आडवी येणार होती.

"तोंड शिवून देऊ का?" शिंप्याने विचारले.

"आधी गिऱ्हाइकांची बटणं लावा," बाई म्हणाल्या.

पण त्या दिवसापासून दुकान बंद झाले की तो फलंदाज म्हणून कापडाचा तागा उभा करायचा, त्यावर चेंडू टाकायचा आणि जीव तोडून अपील करायचा. बाईंनी ओठ मिटून, चेंडू स्टंपवर गेला असता का, एवढेच बघायचे. सुरुवातीला दोघेही एकदम ओरडायचे. शेजारीण खिडकीतून विचारायची, "मिटलं का भांडण?"

दुसऱ्या परीक्षेत तसाच चेंडू पॅडवर लागला. अकराही जण ओरडले. माझ्याखाली बाईंचे कपाळ घामाने भिजले. त्या गप्प राहिल्या, मग सावकाश मान हलवली. नाबाद. परीक्षकांनी पेन खिशात ठेवले आणि हात पुढे केला.

पुढे कितीतरी वर्षे आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. गोलंदाज बोटे मोडायचे, सामना संपला की त्यातलेच काही येऊन "बरोबर दिलंत" म्हणायचे.

बाई आता नाहीत. शिंपी मला धूत नाही, कारण त्या घामाचा डाग जाईल. कोणाला देतही नाही. खुंटीवर मी पिवळी पडले आहे, कडही लोंबते. मित्रांनो, टोपी वापरली तरच टिकते. तुमच्यापैकी कोणी ही परीक्षा देणार असेल तर मला मागून न्या. तो नाही म्हणेल. तरी बसा थोडा वेळ. मग तो मला खुंटीवरून उतरवेल आणि गळ्यातली टेप काढून तुमच्या डोक्याचे माप घेईल.