आराखडा माझ्याच पोटात होता

ज्या वर्षी ग्रंथालयाच्या बाइंडरने धाकट्या बहिणीचे लग्न लावून दिले, त्याच वर्षी माझा जन्म झाला. बहिणीचा नवरा सुतार होता. मित्रांनो, मी त्याच्या हातचे एक जुने लाकडी कपाट आहे. माझे एक दार पहिल्यापासून खाली लोंबते. "मेव्हण्याकडून करून घेतलं, आता तक्रार कुणाकडे करू?" असे बाइंडर सगळ्यांना सांगायचा आणि दार गुडघ्याने ढकलून लावायचा.

मला तळघरात ठेवले आणि माझ्या हवाली एका सुईणीच्या नऊ वह्या केल्या. ही सुईण पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरे शिकली आणि शिकल्याबरोबर लिहायला बसली. कोणत्या घरी कोण जन्मले, बाळ आडवे आले तेव्हा काय केले, कोणती आई का वाचली नाही, सगळे तिने लिहिले. आधी पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत. पुढे हात बसल्यावर शाईने. दुसरी प्रत जगात कुठेही नाही. बाइंडरने त्या फाटक्या वह्या एकेक करून शिवल्या. लांबलांबून डॉक्टर यायचे, तासन्‌तास वाचायचे. तेव्हा मला आपण लाकडाचे आहोत याचासुद्धा विसर पडायचा.

बाइंडरची मुलगी पुढे इथेच ग्रंथपाल झाली. माझ्या डोक्यावरून पाण्याचा जाड पाइप जातो, तो पाहून तिला झोप येत नसे. ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. म्हणून तिने इंटरनेटवर फुकट मिळणारे एक साधन शोधले. ते प्रश्न विचारायचे, ती उत्तरे भरायची. पाणी कुठून बंद होते? वीज कुठून? आधी फोन कुणाला? सगळ्यात आधी काय बाहेर काढायचे? पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, हे तिलाही ठाऊक नव्हते. दोन दिवस शोधल्यावर तो जिन्याखाली, एका फळीमागे सापडला. शेवटी त्या साधनाने, पाणी शिरले तर काय करायचे याचा सहा पानांचा आराखडा तयार करून दिला. पहिलीच ओळ होती: वह्या वरच्या मजल्यावर हलवा आणि पानांचे फोटो काढून दुसरीकडे ठेवा.

ती तो आराखडा घेऊन ग्रंथालयाच्या अध्यक्षांना तळघरातच भेटली.

"किती पडले याला?" त्यांनी विचारले.

"काही नाही, साहेब. फुकट आहे."

"मग तसलंच असणार. आणि वह्या वर कुठं ठेवणार? वर खुर्च्या आहेत."

"खुर्च्या भिजल्या तर पुसता येतात, साहेब."

"आणि फोटो काढून वाटत सुटलात तर इथं कुत्रं तरी फिरकेल का?"

"निदान एक प्रत भिंतीवर लावते."

"भिंती आत्ताच रंगवल्यात, बाई. आणि लोकांना उगाच घाबरवू नका. पण कागद महत्त्वाचा आहे हं, मेहनत दिसते. नीट जपून ठेवू."

आमच्याकडे जपून ठेवणे म्हणजे कुलपात ठेवणे. जितकी वस्तू महत्त्वाची, तितकी ती माणसांपासून लांब, ही इथली रीत. अध्यक्षांनी मला उघडले, आराखडा माझ्या वरच्या फळीवर ठेवला, किल्ली फिरवली आणि आपल्या खिशात टाकली. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडले असते.

तीन महिन्यांनी, ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी पाइप फुटला. ग्रंथपालबाई वडिलांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. तिथे फोन बंद ठेवायला लावतात. पहारेकरी धावत खाली आला. पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागले होते. त्याने अध्यक्षांना फोन लावला. ते बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले.

"साहेब, पाणी कुठून बंद करू?"

"अरे, ते आराखड्यात लिहिलंय."

"आराखडा कुठाय?"

"कपाटात."

"किल्ली?"

पलीकडे सनई वाजत होती.

"माझ्याकडे. मी लग्नाला आलोय. पोचायला तीन तास लागतील."

"मग दार फोडू का?"

"खबरदार! ग्रंथालयाची मालमत्ता आहे ती."

मालमत्ता! आणि माझ्या पोटात बुडत होते ते कोण होते?

दीड तासाने, फोन चालू केल्यावर निरोप मिळून ग्रंथपालबाई आली. तिने आधी कॉक बंद केला, मग पहार घालून माझे दार उचकटले. मला जरासुद्धा दुखले नाही. वरच्या चार वह्या कोरड्या होत्या. खालच्या पाच फुगून उशीसारख्या झाल्या होत्या. "मी याला तोंडानं तरी सांगून ठेवायला हवं होतं," एवढेच ती पहारेकऱ्याकडे बघत म्हणाली.

मागून भिंत चाचपत बाइंडर उतरला. डोळ्यांत औषध घातलेले, समोरचा माणूस ओळखू येत नव्हता.

"बाबा, तुम्हाला दिसत नाहीये. घरी जा."

"पानं सोडवायला डोळे कशाला? बोटं शाबूत आहेत."

"उन्हात पसरू का?" पहारेकऱ्याने विचारले.

"वाळवण आहे का ते? सावलीत ठेव, पंखा लाव."

आराखड्यातही तेच लिहिले होते. पानापानात टिपकागद घाला, लगेच जमणार नाही ते गोठवून ठेवा म्हणजे बुरशी धरत नाही. पहारेकऱ्याने तीन वह्या बर्फाच्या कारखान्यात पोचवल्या. दोन बाइंडरने त्याच ओल्या तळघरात बसून सोडवल्या, मग बर्फातली एकेक मागवली. पेन्सिलीच्या दोन वह्या जशाच्या तशा वाचता आल्या. शाईच्या तीन वह्यांची पाने नुसती निळी निघाली. बाइंडर तरीही सोडवत राहिला.

पुढच्या महिन्यात ग्रंथालयाने पत्रक काढले: नैसर्गिक आपत्तीमुळे काही वह्यांचे नुकसान झाले. मित्रांनो, पाइप गंजतो, पण खिशात किल्ली निसर्ग घालत नाही. वर चाळीस खुर्च्या आजही प्लॅस्टिकच्या वेष्टनात कोरड्या उभ्या आहेत. तुमच्या शाळेच्या, गावाच्या ग्रंथालयात जा आणि विचारा, पाणी कुठून बंद होते? उत्तर दारावर लिहिलेले नसेल, तर स्वतः लिहून चिकटवा. भिंत खराब होते म्हणून कुणी ओरडले, तर ओरडू द्या.

बाइंडर चार दिवस त्या ओलीत बसला. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. पाइप फुटल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो न्यूमोनियाने वारला. शेवटची वही अर्धीच सोडवून झाली होती.