तपकिरी पाण्याचा ग्लास

टेबलावरच्या यंत्राच्या दोन लोखंडी सळ्या नळाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून वीज सोडली होती. पाणी आधी तपकिरी झालं, मग काळपट, आणि त्यावर गाळाची साय धरली तेव्हा चौकातली दोनशे माणसं पुढे सरकली. शेजारच्या ग्लासात 'शोधक' विकत होता त्या फिल्टरचं पाणी होतं. त्यातही तशाच दोन सळ्या, तीच वीज. पण ते स्वच्छच राहिलं.

"हे रोज तुमच्या पोटात जातं," शोधक म्हणाला. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि शोधक हेही त्यानं स्वतःच ठेवून घेतलेलं. "वरच्या लोकांना तुमची संख्या कमी करायचीय. पुरावा कुठे सापडणार? त्यांनीच लपवलाय. पुरावा नाही, हाच मोठा पुरावा."

असल्या वाक्याला शेंबड्या पोरानंही हसावं. इथे टाळ्या पडल्या.

मुलामेवाली धापा टाकत पोचली ती नेमकी या टाळ्यांत. नळाच्या तोट्यांना चकचकीत मुलामा चढवण्याचं तिचं काम. निरोप येताच ती हातमोजे न काढताच कारखान्यातून पळाली होती. तिचा धाकटा भाऊ गल्लीगल्लीत पाणी सोडायचा, म्हणजे आता वरच्यांचा हस्तक ठरला होता. त्याला दिव्याच्या खांबाला बांधलं होतं. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, उजव्या हाताची दोन बोटं ठेचून काळीनिळी झालेली.

लोखंडी पाइप शिंप्याच्या हातात होता. त्यांच्याच गल्लीतला साधा माणूस. दोन आठवड्यांपूर्वी त्याची आठ महिन्यांची मुलगी गेली होती.

"ती गेली त्याच्या आदल्या दिवशी यानं व्हॉल्व्हमध्ये काहीतरी ओतलं," शिंपी म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"वंगण होतं, दादा," भाऊ कसाबसा बोलला. "व्हॉल्व्ह गंजला होता."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण हे त्या बापाला कोण सांगणार? पाइप पुन्हा खाली आला आणि भावाच्या बरगडीतून आवाज आला. मुलामेवाली मध्ये पडली. पुढचा फटका तिच्या खांद्यावर बसला आणि ती शोधकाच्या टेबलावर जाऊन आदळली.

"तो गढूळ ग्लास पाजा त्याला," मागून कुणीतरी ओरडलं. "आणि पाणी सोडणारे हात मोडा."

खांदा धरून उठताना तिची नजर सळ्यांवर गेली. नळाच्या पाण्यातल्या सळ्यांपैकी एक खालच्या टोकाला कुरतडल्यासारखी झिजली होती. हे ती रोज बघायची. टाकीत वीज सोडली की टांगलेला धातू झिजतो आणि पाण्यात उतरतो, त्यावरच तर तिचं पोट चालायचं.

"दादा, मला दोन मिनिटं द्या," ती शिंप्याला म्हणाली. "याच्या शुद्ध पाण्यात फक्त चिमूटभर मीठ टाकते."

"ही बाई त्यांचीच आहे," शोधक घाईघाईनं म्हणाला.

"टाकू दे," शिंपी म्हणाला. मुलगी कशानं गेली हे त्या गर्दीत खरोखर जाणून घ्यायचं होतं ते त्या एकट्याला.

चहाच्या टपरीवरून मीठ आलं. तिनं ते शुद्ध पाण्यात ढवळलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात तेही तपकिरी झालं.

"मीठही त्यांच्याच कारखान्यातलं," शोधक म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तरी निम्म्या माना हलल्या.

मग तिनं शिंप्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, मोडली, दोन्ही तुकड्यांचं शिसं उघडं केलं आणि सळ्या काढून ते तुकडे यंत्राच्या चिमट्यांत अडकवले. नळाचं ताजं पाणी ओतलं. वीज सोडली. बुडबुडे आले. पाणी स्वच्छ राहिलं. लोक वाट बघत राहिले, ते स्वच्छच राहिलं.

"विष पाण्यात असतं तर आता कुठे गेलं?" ती म्हणाली. "तो गाळ या लोखंडाचा आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून वीज जाते, सळी झिजते आणि तिचा गंज उतरतो. याच्या पाण्यात क्षारच नाहीत. वीज जात नाही, सळी झिजत नाही. एवढीच याची विद्या."

शोधकाची पाचावर धारण बसली. तो पळणार तोच गर्दीनं त्याला खाली पाडलं. बूट पडू लागले, नाक फुटलं, कुणीतरी शिंप्याच्या हातातला पाइप ओढू लागलं. मुलामेवालीला त्या माणसाची शिसारी आली होती. तरी ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"पोलिसांना बोलवा. मगाशी माझ्या भावाला मारताना तुमची अशीच खात्री होती."

शिंप्यानं पाइप सोडला नव्हता. "ताई, मग माझी मुलगी कुणी मारली?"

"कुणीच नाही, दादा. जन्मापासून तिच्या काळजाला भोक होतं. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण त्यात कुणाला धरणार? विष असतं, तर निदान कुणीतरी सापडलं असतं."

तो तिथेच रस्त्यावर बसला आणि रडला.

भावाची दोन बोटं डॉक्टरांना कापावी लागली. नंतर गल्लीतले लोक माफी मागायला दवाखान्यात आले, तेव्हा मुलामेवालीनं त्यांना दारातच थांबवलं.

"माफी त्याच्याकडे मागा, तो देईल. मला शब्द हवाय. आपलं दुःख मोठं असतं, तेव्हा कुणावर तरी बोट ठेवणारा माणूस आपल्याला खरा वाटतो. तेव्हाच थांबायचं. त्याच्या हातातली वस्तू आपल्या हातात घ्यायची, उलटसुलट करून बघायची, आणि तो बघू देत नसेल तर घरी जायचं. हात उचलायचा नाही. एवढं जमेल का?"

 शिंपी पुढे झाला आणि म्हणाला, "जमवू."