पिवळा दोरा आणि पालवीबाबा

"उघडली! मूठ उघडली!"

खाडीच्या धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. निम्मं गाव गुडघाभर चिखलात उतरून खारफुटीच्या एका फांदीकडे बघत होतं. पाच दिवसांपूर्वी पालवीबाबांनी तिच्या मिटलेल्या कोंबावर पाणी शिंपडलं होतं. आज तिथे दोन कोवळी पानं चकाकत होती.

"ही गेलेल्या माणसाची मूठ, लेकरांनो! उघडली की जीव सुटला!" बाबा गरजले.

गेलेल्या माणसाच्या आवडीची वस्तू बाबांना दिली की मूठ उघडायची. होडीवाल्याने अजून काही दिलं नव्हतं. त्याची बायको जाऊन चार महिने झाले होते आणि तिच्या नावाचा कोंब ढिम्म मिटलेला होता.

"तिचा जीव तुझ्या होडीत अडकलाय," बाबांनी निदान केलं. "होडी दे, मोकळा हो."

होडीवाल्याने दोर सोडायला घेतला, तशी मेहुणी पुढे आली. ती खारफुटीच्या रोपवाटिकेत कामाला होती. तिची ताई, म्हणजे होडीवाल्याची बायकोही, तिथेच कामाला जायची.

"दाजी, मासे धरायला काय पोहत जाणार?"

"तुझ्या ताईचा जीव अडकलाय गं."

"अडकलाच असेल तर तुम्ही रोज विसरायचात त्या जेवणाच्या डब्यात! पाच दिवस थांबा. बाबा खरे ठरले तर माझी सायकलही देऊन टाका."

तिने दहा टपोऱ्या कोंबांना पिवळा दोरा बांधला आणि दहा बारक्यांना लाल. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, लाल दोऱ्यांवर शिंपडा. पिवळ्यांना थेंबही नको. तुमचं पाणी कुठल्याही कोंबावर चालत असेलच ना?"

चारचौघांत बाबा नाही कसे म्हणणार?

पाचव्या दिवशी पिवळ्यांपैकी नऊ उघडले होते. लाल सगळे मिटलेले.

"पिवळ्यांवर वाऱ्याने तुषार उडाले!" बाबा म्हणाले.

"आणि लालांवर तुम्ही तांब्या पालथा केलात, ते पाणी कुठे उडालं?"

चिखलातली माणसं खदखदून हसली.

"टपोऱ्या कोंबात पानं तयार असतात," मेहुणी म्हणाली. "वरचं आवरण गळलं की उघडतात. दर वर्षी याच महिन्यात पालवीचा भर येतो. देणाऱ्याला टपोरा कोंब दाखवायचा, न देणाऱ्याला बारका. एवढीच बाबांची विद्या."

होडीवाल्याचं लक्ष भलतीकडे होतं. पिवळे दोरे बांधलेल्या एका फांदीवर खाली एक विटका पिवळा दोरा होता, त्याखाली आणखी एक. गाठ दुहेरी. होडीचा दोर त्याची बायको अशीच बांधायची.

"ताईच्या गाठी," मेहुणी हळूच म्हणाली. "दर वर्षी एक. दोन गाठींमध्ये जेवढी फांदी, तेवढी वर्षाची वाढ. ती मोजायची."

वीस वर्षं तो बायकोला इथे सोडायचा आणि पाठ करून होडीत जाळं शिवत बसायचा. ती काय करते, ते त्याने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आता त्याने मेहुणीकडून पिवळ्या दोऱ्याचं रीळ मागून घेतलं आणि यंदाची गाठ बांधली. दुहेरी.

एव्हाना बाबा चपला हातात घेऊन निम्मा चिखल तुडवून गेले होते.

"माझी बायको गेली," होडीवाला लोकांना म्हणाला. "ती कुठल्या कोंबात अडकलेली नाही. रडू आलं तर रडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर काही देण्याआधी शेजारच्या फांदीला एक दोरा बांधून बघा. चला, बसा होडीत. पाणी चढतंय."