बाबांची बेसूर फुंक

गावातल्या निम्म्या पोरांना ट्रम्पेट शिकवणारे माझे बाबा दवाखान्याच्या खाटेवर बसून मलाच धीर देत होते. छातीत जरा फडफड होतेय, एवढंच, म्हणे. एवढंच! इसीजीच्या पट्टीवर ठोके एकमेकांच्या अंगावर पडत होते. हृदय क्वचित असं मध्येच उधळतं, आणि वेळेत आवरलं नाही तर दमून बसतं. ते आवरणारं इंजेक्शन आमच्या कपाटात नव्हतं आणि शॉक द्यायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. अँब्युलन्स निघाली होती, पण घसरणारा रक्तदाब तिच्यासाठी थांबायला तयार नव्हता. दवाखान्यात डॉक्टर मी एकटीच, दुसऱ्या कुणाला हाक मारायचीही सोय नव्हती.

एक उपाय उरला होता. रिकामी सिरिंज तोंडात धरून दांडा जेमतेम सरकेल इतक्या जोरानं फुंकत राहायचं, मग झटकन आडवं होऊन पाय वर; त्या ताणानं उधळलेलं हृदय ताळ्यावर येऊ शकतं. बाबांचा चेहरा खुलला. फुंकण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी ओठ जुळवले आणि एका फटक्यात दांडा उडवून सिस्टरच्या चहात पाडला.

सिस्टरनं कप बाजूला सारून दुसरी सिरिंज दिली. दांडा उडवायचा नाही, असं मी बजावलं. आता त्यांनी ओठांच्या कडेनं हवा सोडत अशी लांब, मऊ फुंक मारली की शिष्य गहिवरले असते. ठोके तसेच. मी वैतागले. घशावर ताण नको म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलेल्या माणसाला ताण देताच येईना. त्यांची बोटं गार पडत चालली होती आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"बाबा, चांगलं वाजवू नका," मी म्हटलं. "मी वाजवायचे तसं वाजवा."

ते त्यांना बरोबर आठवत होतं. गळा आवळला, गाल फुगवले, तोंड लालभडक, मानेच्या शिरा टरारलेल्या. मी इतकी भयंकर दिसायचे? मी थांबा म्हणताच सिस्टरनं त्यांना आडवं केलं, मी पाय उचलून धरले. पट्टीवर रेघ सरळ गेली. मग एक ठोका आला, जरा थांबून दुसरा, आणि मग सगळे शहाण्यासारखे रांगेत.

मी त्यांचे पाय तसेच धरून ढसाढसा रडले.

बाबा छताकडे बघत दम खात होते. "तीन वर्षं शिकवलं तुला," ते म्हणाले. "नशीब माझं, तू काहीच शिकली नाहीस."