सदुसष्टच्या शेवेलची जाळी

व्हर्लन हॅचच्या शेडमध्ये पिकअप गाड्या स्वतःच्या तोंडाने येत आणि दुसऱ्याच्या तोंडाने बाहेर पडत. त्याचा धंदाच तो होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या इंजिनांच्या, डरकाळ्या फोडत पळणाऱ्या मसल कार आता एकतर भंगारात गेल्या होत्या, नाहीतर डॉक्टर-वकिलांच्या गॅरेजात झाकून ठेवल्या होत्या. पण त्यांचे सुटे भाग ओहायोतल्या कोठारांमधून अजून पडून असत. कुणाला वडिलांच्या पाँटियाकची पुढची जाळी सापडे, कुणाला काकाच्या डॉजची. ती काखेत मारून माणूस बेंट क्रीकला व्हर्लनकडे येई आणि म्हणे, "ही माझ्या पिकअपला बसव."

जुन्या गाड्यांच्या सोवळ्या भक्तांना हे अजिबात खपत नसे. जत्रेतल्या प्रदर्शनात एकाने त्याला तोंडावर सुनावलं होतं, "सिंहाचं तोंड कापून बैलाला लावतोस, लाज नाही वाटत?"

"सिंह मेलाय," व्हर्लन म्हणाला होता. "बैल अजून रोज कामावर जातोय."

जूनच्या सुरुवातीला जनेल ओपर्मन आली. शाळेची बस चालवणारी, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. आली ती वडिलांचा ब्याण्णव सालचा शेवी पिकअप घेऊन. मागे घोड्याच्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं.

"चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बाबांना यात बसवून न्यायचंय," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीचे आहेत. वृद्धाश्रमात असतात. मला कधी ओळखतात, कधी नाही. पण कोठारातल्या त्या जाळीचं मात्र सारखं विचारतात. म्हटलं, ही त्यांच्याच गाडीला लावून टाकू, म्हणजे एकदाचं समाधान होईल. बसेल ना?"

व्हर्लनने घोंगडी सोडली. सदुसष्ट सालच्या शेवेल मसल कारची जाळी होती, अ‍ॅल्युमिनियमची. "बसेल. रुंदीला दोन बोटं कमी पडेल, उंचीला जागा उरेल, तिथे पत्रा भरू," असं म्हणत त्याने ती उलटी केली, आणि त्याचं बोलणं तिथेच थांबलं.

मागच्या बाजूला डावीकडे पत्र्याचं ठिगळ होतं. चार रिव्हेट, त्यातली एक तिरकी. ठिगळाच्या पत्र्यावर चौकटी-चौकटींची नक्षी उठलेली. ती नक्षी कसली, हे सबंध जगात एकच जिवंत माणूस सांगू शकला असता, आणि तो तिथेच उभा होता. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या शेवेलसमोर हरीण आलं होतं. जाळी फाटली, तेव्हा त्याने आईचा बिस्किटं भाजायचा पत्रा कापून हे ठिगळ लावलं होतं. आई दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता बिस्किटं तुझ्या गाडीच्या नाकावरच भाजते."

"काय झालं?" जनेलने विचारलं. "फुटलीय का?"

"नाही," व्हर्लन म्हणाला. "ही तुझ्या वडिलांकडे कुठून आली?"

"कोण जाणे. मी लहान असल्यापासून तिथेच आहे."

ती गेल्यावर व्हर्लन पिंपावर बसून राहिला. चव्वेचाळीस वर्षं ज्या गोष्टीबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, ती एकदम हलू लागली होती.

गोष्ट अशी होती. एकोणऐंशीच्या जूनमध्ये त्याच्या बहिणीचं, मार्वाचं लग्न होतं. चर्चच्या मागे त्याने आपली लाल शेवेल उभी केली होती. जेवणं झाली, नाच झाला, तो बाहेर आला तर गाडी नाही. त्याच्या खिशातली सोडून गाडीच्या आणखी किल्ल्या दोन. एक घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, दुसरी रॉईस टॅकेटकडे. रॉईस त्याचा जिवलग मित्र. गाडी मला विक म्हणून वर्षभर मागे लागलेला, आणि त्या दिवशी भर समारंभातून तासभर गायब झालेला. व्हर्लन बावीस वर्षांचा होता, थोडी प्यायलेला होता. सगळ्या पाहुण्यांदेखत त्याने रॉईसची कॉलर धरली आणि त्याला चोर म्हटलं. रॉईस हात झटकून निघून गेला तो कायमचा. राहायला मात्र नऊ मैलांवरच होता. धान्याच्या कोठीवर, पेट्रोल पंपावर, दफनाच्या वेळी दोघे समोरासमोर येत आणि एकमेकांच्या अंगावरून पलीकडे बघत.

आणि जाळी निघाली ऑर्व्हिल ओपर्मनच्या कोठारात. रॉईसने गाडी ऑर्व्हिलला विकली? की ऑर्व्हिलनेच चोरली? पण तो तर रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरवणारा माणूस. व्हर्लनने एकेक शक्यता लावून पाहिली, एकही नीट बसेना. जाळी एका गाडीची, गाडी दुसरीच, असं झालं होतं.

गुरुवारी तो जनेलबरोबर वृद्धाश्रमात गेला. ऑर्व्हिल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, मांडीवर जेलीची वाटी.

"बाबा, हे तुमच्या गाडीला जाळी लावणार आहेत," जनेल कानाशी ओरडली.

"जपून लावा," म्हातारा म्हणाला. "टोलेडोच्या बाजारातून आणलीय."

"टोलेडोहून?" व्हर्लनने विचारलं.

"नदीत सापडली. पूर आला होता तेव्हा."

जनेलने व्हर्लनकडे पाहून खांदे उडवले. "असंच चालतं. मी कॉफी आणते," म्हणून ती बाहेर गेली.

व्हर्लन खुर्ची ओढून जवळ बसला. ऑर्व्हिल त्याच्याकडे बराच वेळ निरखून बघत राहिला. मग त्याने जेलीची वाटी बाजूला ठेवली.

"ग्लेन?" तो म्हणाला. "तू इर्माचा थोरला ना? तू तर गेलास."

इर्मा म्हणजे व्हर्लनची आई, आणि ग्लेन त्याचा मोठा भाऊ. सत्त्याहत्तर साली शर्यतीच्या नादात रेल्वे फाटकाजवळ गाडी झाडावर आदळून गेला होता. म्हातारपणी व्हर्लनचा चेहरा त्याच्यासारखा दिसू लागला असेलही. सव्वीस वर्षांचा ग्लेन म्हातारा झाला असता तर कसा दिसला असता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाही म्हणावं की हो, व्हर्लनला कळेना. त्याने नुसती मान हलवली.

"मग तुला सांगायला हरकत नाही," ऑर्व्हिल आवाज खाली आणत म्हणाला. "तुझ्या आईने शपथ घातलीय, धाकट्याला सांगायचं नाही. तू धाकटा नाहीस. तेव्हा मी भंगाराच्या यार्डात ट्रक चालवायचो. इर्मा आली, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची किल्ली माझ्या हातात दिली; ती मी त्याच रात्री तिला परत केली. म्हणाली, लग्नाच्या दिवशी सगळे आत असतील, तेव्हा ने आणि दाबून टाक. एक मुलगा झाडाला दिला, दुसरा नाही देणार."

व्हर्लन पुढे वाकला. "आणि तुम्ही दाबली?"

"दाबली की. बाईला शब्द दिला होता. पण जाळी काढून ठेवली. फार सुरेख जाळी रे. त्या दाबयंत्रात घालवेना." म्हातारा रडवेला झाला. "इर्माला सांगू नकोस हं. तिला वाटतं, मी सगळी दाबली."

जनेल कॉफी घेऊन आली तेव्हा ऑर्व्हिल पुन्हा जेली खात होता. "हे कोण आलेत?" त्याने तिला विचारलं.

परतताना जनेल काय बोलत होती ते व्हर्लनला नीट ऐकू आलं नाही. आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. म्हातारा टोलेडोही म्हणाला होता, नदीही म्हणाला होता. मग तिसरंच खरं कशावरून? पण खिळ्यावरची किल्ली त्याला कुठून कळली? आणि ते "एक मुलगा झाडाला दिला" हे आईचंच बोलणं होतं, शब्दन् शब्द. तिला शर्यती ठाऊक होत्या. शनिवारी संध्याकाळी तो निघाला की ती ओसरीत येऊन उभी राहायची, काही न बोलता. पण मग रॉईसचं काय? त्याने रॉईसची कॉलर धरली तेव्हा आई दहा पावलांवर केक कापत होती. तिने ऐकलं होतं, आणि ती गप्प राहिली होती. पुढची पंचवीस वर्षं गप्प राहिली होती. ही ती आई, जी दुकानदाराने चुकून जास्त दिलेली अंडी परत करायला दोन मैल चालत जायची.

शनिवारी दुपारी तो रॉईसच्या अंगणात गाडी लावून उतरला. रॉईस गवत कापायचं यंत्र उलटं करून पात्याला धार लावत होता. डोक्यावर एक केस उरला नव्हता.

"पत्ता चुकलास की काय?" रॉईस म्हणाला.

"नाही. माफी मागायला आलोय," व्हर्लन म्हणाला. "गाडी तू नेली नव्हतीस."

रॉईसने कानस खाली ठेवली. "ते मला ठाऊक आहे, गाढवा. तूच नेलीस."

"मी?"

"नाटक पुरे आता. म्हातारे झालो आपण. गाडी विकलीस, विम्याचे पैसे घेतलेस, वर्षभरात शेड टाकलीस, आणि नाव माझ्यावर ढकललंस. अख्ख्या तालुक्याला सांगितलंय मी."

"अरे, विमा चोरीचा नव्हताच! शेड आजोबांच्या जमिनीवर टाकली!" व्हर्लन ओरडला. माफी मागायला आलेला माणूस आता स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. "मग तू तासभर कुठे गेला होतास?"

"बर्फ आणायला! तुझ्याच बहिणीने पाठवलं होतं. दोन पोती बर्फ उचलून आलो आणि तू माझा गळा धरलास. पोती तिथेच टाकून गेलो."

व्हर्लनला ती पोती आठवली. चर्चच्या पायरीवर वितळत पडली होती. ती कुणी आणली, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तो यंत्राशेजारी गवतातच बसला आणि त्याने सगळं सांगितलं. जाळी, बिस्किटांचा पत्रा, ऑर्व्हिल, आई.  सांगून झाल्यावर रॉईस आत गेला, दोन बाटल्या घेऊन आला आणि एक व्हर्लनच्या हातात दिली.

"दर नाताळला दारात एक डबा असायचा," तो म्हणाला. "चॉकलेटच्या वड्यांचा. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. पण तुझ्या आईचं अक्षर मला ठाऊक होतं, झाकणावर फक्त 'टॅकेट' लिहिलेलं. तिच्या मरणापर्यंत. मला वाटायचं, मुलगा खोटारडा आहे हे बिचारीला कळलंय."

"बोलली का नाही मग?"

"मला विचारतोस? आई तुझी."

दोघांनी बाटल्या उघडल्या. व्हर्लनच्या मनात होतं की उठून भांडावं, पण कुणाशी? ऑर्व्हिलने शब्द पाळला होता. रॉईसने बर्फ आणला होता. आणि आईमुळे कदाचित तो आज सहासष्ट वर्षांचा होता. कदाचित. गाडी राहिली असती तर तो मेला असता, की नुसता म्हातारा होऊन तिला घासत-पुसत बसला असता, हे सांगणार कोण?

सोमवारी त्याने जनेलला बोलावून खरं काय ते सांगितलं. ती हबकली. "मग ही तुमचीच आहे. घेऊन टाका," असं तिनेच म्हटलं. व्हर्लनने दोन दिवस विचार केला. जाळी भिंतीला टांगून पाहिली. काढून ठेवली. पुन्हा टांगली. बुधवारी त्याने पिकअपचं नाक उतरवलं आणि कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी रॉईस शेडच्या दारात येऊन उभा राहिला. "शेवेलची जाळी या डबड्याला?" तो म्हणाला. "हे पाप आहे."

"मग वरचा पत्रा धर. पाप सरळ तरी बसू दे."

रॉईसने पत्रा धरला. धरताना पूर्ण वेळ तो डावा मडगार्ड वाकडा असल्याचं सांगत होता, आणि तो खरोखरच वाकडा होता.

चार जुलैला मिरवणुकीत तो पिकअप अग्निशमनाच्या बंबामागून निघाला. जनेल चालवत होती. ऑर्व्हिल शेजारी बसून दोन्ही बाजूंना हात हलवत होता, आणि मधूनच ही गाडी कुणाची म्हणून तिला विचारत होता. व्हर्लन आणि रॉईस बँकेसमोर घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. गाडी समोरून गेली तशी शेजारचा एकजण म्हणाला, "छान दिसतंय." दुसरा म्हणाला, "विद्रूप." व्हर्लनला दोन्ही पटलं.

"तिच्यावर रागावलायस का?" रॉईसने विचारलं.

"सकाळी रागावलेला असतो," व्हर्लन म्हणाला. "दुपारपर्यंत जातो. रात्री जेवताना पुन्हा येतो."

"माझ्यावर?"

"तू अख्ख्या तालुक्याला सांगितलंस की मी चोर आहे."

"तू सांगितलंस त्याच्या नंतर."

पुढच्या आठवड्यात रॉईस आपला पिकअप घेऊन शेडवर आला. किल्ली व्हर्लनकडे फेकत म्हणाला, "ब्रेक बघ. आणि हे बघ, तोंडाला हात लावायचा नाही."