आईचा रंग

पोकुआ म्हणजे हुबेहूब तिची आई. तोच चेहरा, तोच काळाभोर, चमकता रंग. धाकट्याच्या बाळंतपणानंतर गालांवर वांग आले, म्हणून कुमासी शहरातल्या डॉक्टरांनी डाग उजळवणाऱ्या हायड्रोक्विनोन मलमाची ट्यूब दिली. तीन महिने, एक दिवसही जास्त नाही, असं बजावून.

वांग गेले, आजूबाजूचा रंगही उजळला. बाजारातल्या बायका म्हणाल्या, "अगं, काय उजळलीस!" झालं, पोकुआ हुरळली. मग बाजारातली एक मलमवाली तिला तीन मलमं कालवून डबी देऊ लागली. त्यात स्टेरॉइड होतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. आठ वर्षं ती डबी चालली.

आई गेली तेव्हा पोकुआ पिवळट झाली होती. गालांवर निळसर काळे, खरखरीत डाग होते. बोटांची पेरं तेवढी जुन्या रंगाची उरली. आईची आठवण अनावर झाली की ती पेरांकडेच बघत बसायची.

अशातच गावाहून थोरल्या मावशीचा निरोप आला, "डोळे जायच्या आत बहिणीचा चेहरा बघायचाय. पोकुआला पाठवा."

ती धावत त्वचेच्या डॉक्टर ओबेंगबाईंकडे गेली. "मला पुन्हा काळं व्हायचं औषध द्या."

"तसं मलम नसतं, बाई. डबी बंद. त्यातलं स्टेरॉइड मी हळूहळू सोडवते. आणि उन्हापासून वाचवणारं मलम लावा."

"ते तर गोऱ्यांचं!"

"लावा म्हणते ना! रंग येईल, दीड वर्ष धरा. डाग मात्र पुरते जातील असं नाही."

दीड वर्ष! मावशीचे डोळे कुठले तेवढे थांबायला? पोकुआ तशीच गावी गेली.

मावशी अंगणात केळी सोलत होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं, पण ओळख पटली नाही. रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं, पाहुणीने ते पिईपर्यंत थांबली आणि मग विचारलं, "बोला बाई, काय काम काढलंत?"

पोकुआने पेला खाली ठेवला. "मावशी, मी पोकुआ. तुला तुझ्या बहिणीचा चेहरा दाखवायला आलेय."

मावशीने पुढे वाकून तिचा चेहरा न्याहाळला. "मग कुठाय तो?"

"घालवला गं मी. डॉक्टरीणबाई म्हणतात, दीड वर्षाने येईल."

म्हातारीने सोललेलं केळं टोपलीत टाकलं. "दीड वर्ष? म्हणजे तेवढं जगायला लावणार तू मला," ती म्हणाली आणि पोकुआला जवळ ओढून बसवलं.